अक्षर दिलंत, आता त्यामागचा हिशोबही छापा

प्रति,
राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांची परीक्षा व मूल्यमापन मंडळं आणि विद्यापरिषदा यांना

विषय : ग्रेड कार्डावरची अक्षरं

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. मी एका डिग्री कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही कारण तक्रार कॉलेजची नाहीये. पत्र खुलं लिहितोय कारण बंद पाकिटातलं पत्र तुमच्याकडे आवक-जावक रजिस्टरात चढतं आणि तिथेच मुक्कामाला राहतं, हे तुम्हालाही माहीतेय आणि मलाही.

मागणी एकच आहे. तुम्ही पोरांना ओ, ए प्लस, ए, बी प्लस अशी अक्षरं देता. ते अक्षर किती मार्कांना दिलं, कुठल्या पद्धतीने दिलं आणि त्या पेपरला पास झालेल्यांपैकी किती जणांना दिलं हे त्याच कागदावर छापा. बस. ग्रेडिंग बंद करा, परत टक्के आणा, आमच्या वेळी कसं छान होतं वगैरे मी काही म्हणत नाहीये, आमच्या वेळीही छान नव्हतंच, ५९.८ वाला सेकंड क्लास आणि ६०.० वाला फर्स्ट क्लास असलेच प्रकार होते.

आता जरा मागून सुरुवात करतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१४-१५ च्या सुमारास सीबीसीएस ही निवडीवर आधारलेली क्रेडिट पद्धत आणली तेव्हा दहा पॉइंटांची पद्धत सुचवली. ओ म्हणजे आउटस्टँडिंग १० पॉइंट, ए प्लस एक्सलंट ९, ए व्हेरी गुड ८, बी प्लस गुड ७, बी अबव्ह अ‍ॅव्हरेज ६, सी अ‍ॅव्हरेज ५, पी पास ४ आणि एफ शून्य. पण कुठलं अक्षर किती मार्कांना द्यायचं हे यूजीसीने सांगितलंच नाही! म्हणजे दोन पद्धती आहेत, रिलेटिव्ह (बाकीच्या वर्गाचे मार्क बघून ग्रेड) आणि अ‍ॅब्सोल्यूट (आधीच ठरलेल्या मार्कांच्या रेघेवरून ग्रेड), विद्यापीठाने त्यातली कुठलीही वापरावी असं म्हणून मोकळे झाले. फक्त एवढंच सांगितलं की अ‍ॅब्सोल्यूट वापरत असाल तर बी ची रेघ ५० च्या खाली नको आणि बी प्लसची ५५ च्या खाली नको. कारण पुढे असिस्टंट प्रोफेसर व्हायला पीजीला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला ५०. म्हणजे अख्ख्या शिडीत दोनच पायऱ्या पक्क्या ठोकल्या, त्यासुद्धा नोकरीच्या नियमासाठी. बाकी सगळं तुमच्यावर सोडलं.

मग तुम्ही काय केलंत? मुंबई आणि पुणे दोन्हीकडे बीए-बीकॉम-बीएस्सीला जी वाटणी बरीच वर्षं चालली ती साधारण अशी: ८० आणि त्याच्या वर ओ, ७० ते ८० ए प्लस, ६० ते ७० ए, ५५ ते ६० बी प्लस, ५० ते ५५ बी, ४५ ते ५० सी, आणि ४० ते ४५ ला कुठे डी कुठे पी. नीट बघा, हे आकडे ओळखीचे वाटतात ना? ७० ला डिस्टिंक्शन, ६० ला फर्स्ट क्लास, ५५ ला हायर सेकंड, ५० ला सेकंड. जुनाच वाडा, नवीन रंग. त्यालाही माझी हरकत नाही. पण जुन्या पद्धतीत क्लासच्या शेजारी मार्कांची बेरीज असायची, त्यामुळे क्लास गंडला तरी बेरीज खरं सांगायची. आता सरासरी निघते ती अक्षरांच्या पॉइंटांची आणि पुढे सगळीकडे तीच जाते, मार्क कार्डावर छापले असले तरी त्यांना विचारतो कोण.

आता हे पॉइंट कसे वागतात ते दाखवतो, हे मी दरवर्षी एसवायच्या वर्गात फळ्यावर करून दाखवतो आणि दरवर्षी पोरं आधी हसतात आणि मग त्यांचे चेहरे उतरतात.

समजा चार पेपर, सगळ्यांना सारखे क्रेडिट, म्हणजे सारखं वजन. पहिल्या मुलीला मार्क पडले ७०, ७०, ६०, ६०. बेरीज २६०, सरासरी ६५. तिचे पॉइंट ९, ९, ८, ८, म्हणजे एसजीपीए (त्या सत्राची पॉइंटांची सरासरी) ८.५. दुसऱ्या मुलीला पडले ७९, ६९, ६९, ६९. बेरीज २८६, सरासरी ७१.५. तिचे पॉइंट ९, ८, ८, ८, म्हणजे ८.२५. जिला २६ मार्क जास्त आहेत ती खाली! आणि यात कुणी काही चुकीचं केलेलं नाहीये, पेपर नीट तपासले, पोर्टलवर मार्क बरोबर चढले, सूत्र यूजीसीचंच, क्रेडिट गुणिले पॉइंट भागिले एकूण क्रेडिट. पद्धतच अशी आहे की पायरीच्या कडेला पाय टेकवलेला माणूस जिंकतो आणि पुढच्या पायरीला हात टेकवून उभा असलेला हरतो.

त्यात पायऱ्यांची उंची पण सारखी नाही. ४० ते ६० मध्ये दर पाच मार्कांना एक पॉइंट. ६० च्या पुढे एका पॉइंटाला दहा मार्क. ८० ला पोचलात की पुढचे वीस मार्क फुकट, ८० वालाही १० पॉइंट आणि ९८ वालाही १० पॉइंट. आणि खाली ३९ ला शून्य, ४० ला एकदम ४. यातलं काय का ठरवलं याचं उत्तर तुमच्या कुठल्याच परिपत्रकात मला सापडलेलं नाही, सर्क्युलरात फक्त तक्ता असतो आणि खाली "याची नोंद घ्यावी".

कुणी म्हणेल परीक्षक बघून घेतात ना, ६९ असेल तर ७० करतात. कसे करणार? कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रात, बसलेल्या माणसाच्या समोर ६० मार्कांची उत्तरपत्रिका, वर बारकोड, इंटर्नलचे ४० मार्क कॉलेजने आधीच पोर्टलवर टाकलेले, ते त्याला दिसतच नाहीत. त्याने २९ दिले, तिकडे ४० होते, झाले ६९. हे ६९ झाले हे जगात कुणा माणसाला कळतच नाही, सॉफ्टवेअर बेरीज करतं आणि समोर ए टाकतं. म्हणजे अक्षर "देणारा" असा कुणी नसतोच. रिव्हॅल टाकलं की दोन-चार मार्क इकडेतिकडे होतात हे सगळ्यांना माहीत असताना एका मार्कावर अख्खा पॉइंट टांगून ठेवायचा, स्टॅटिस्टिक्सवाला म्हणून मला हे बघवत नाही, काय करू.

इंटर्नलचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकतो. जिथे ६०-४० आहे आणि दोन्हीकडे ४० टक्क्यांना पासिंग आहे तिथे लेखी पेपरात ६० पैकी २४ पडले की पोरगं सुटलं. काठावर पास. आता त्याला इंटर्नलला ४० पैकी ३६ द्या, आणि ३६ देणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाहीये, असाइनमेंट फाइल वेळेत आली, प्रेझेंटेशन झालं, हजेरी बरी आहे, ३६. (मीही देतो. शेजारच्या कॉलेजात ३८ देतात, मी २८ दिले तर माझ्याच पोरांचं नुकसान.) बेरीज ६०. ग्रेड ए. आणि यूजीसीच्या शब्दात ए म्हणजे व्हेरी गुड! लेखी परीक्षेत जेमतेम तरलेला मुलगा कागदावर व्हेरी गुड, आणि लेखीत ६० पैकी ५० मिळवलेली पण फाइल उशिरा दिल्याने इंटर्नलला काठावर पास झालेली मुलगीही व्हेरी गुड, एकाच रांगेत उभे.

तसंच ते अबव्ह अ‍ॅव्हरेज. ५० ते ५५ ला अबव्ह अ‍ॅव्हरेज म्हणायचं हे कुणी ठरवलं? अ‍ॅव्हरेज काढायला आधी बेरीज करावी लागते, माणसांच्या संख्येने भागावं लागतं. अ‍ॅब्सोल्यूट ग्रेडिंगमध्ये हे कुणीही, कधीही करत नाही. ज्या पेपरला बहुतेकांना ए आणि ए प्लस पडलेत तिथे बी वाला सरासरीच्या बराच खाली असतो, पण कागद छातीठोकपणे सांगतो की पोरगं सरासरीच्या वर आहे. आईवडील पेढे वाटतात, वाटू देत, पण निदान खरं काय ते छापा.

आता रिलेटिव्हवाल्यांकडे बघू. पवईच्या आयआयटीत एए, एबी, बीबी अशी दोन-दोन अक्षरांची ग्रेड असते, एए ला १०, एबी ला ९ असं. तिथे पेपर काढणारा, शिकवणारा, तपासणारा आणि ग्रेड देणारा माणूस साधारण एकच. तो वर्गाचे मार्क समोर पसरतो, कुठे गर्दी आहे कुठे मोकळी जागा आहे बघतो आणि रेघ मारतो. पेपर अवघड निघाला तर ५५ लाही वरची ग्रेड मिळू शकते. ऐकायला फार न्याय्य वाटतं, आणि वर्गात दोनशे-तीनशे पोरं असली की बऱ्यापैकी चालतंही. पण माझ्या टीवायच्या वर्गात मूठभर पोरं असतात, त्यांच्यावर नॉर्मल डिस्ट्रिब्युशन (मधे गर्दी, दोन्ही टोकांना थोडे, असा घंटेसारखा आलेख) लावायचं म्हणजे मला माझंच पुस्तक जाळावं लागेल. बरं, संलग्न कॉलेजांत पेपर विद्यापीठाचा, तपासणी कॅपला, शिकवणारा तिसराच, तिथे वर्ग बघून रेघ कोण मारणार? त्यामुळे सगळ्यांनी आयआयटीसारखं करा हा उपाय नाहीये. स्वायत्त कॉलेजांनी, जी आपले पेपर आपणच काढतात आणि तपासतात, जमत असेल तर करावं, पण मग तसं कार्डावर सांगावं, कारण डिग्रीवर नाव विद्यापीठाचंच असतं आणि अक्षरंही तीच असतात. समोरच्याला काय स्वप्न पडणार आहे की हा ए रेघेवरचा आहे की वर्ग बघून दिलेला?

राज्याबाहेर गेलं की आणखी मजा. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात थेट मार्कांवरून ग्रेड देतात तेव्हा ओ साठी ९१ लागतात. आपल्याकडे ८०. एवढंच कशाला, मुंबईत २०११-१२ ला क्रेडिट पद्धत आली तेव्हा सात पॉइंटांची होती, तेव्हा ओ ७० लाच मिळायचा आणि त्याला ७ पॉइंट होते, मग दहा पॉइंट आले आणि ओ ८० वर गेला. एकाच विद्यापीठाचे दोन ओ, दोन वेगवेगळ्या गोष्टी. आणि आता एबीसी, म्हणजे २०२१ पासूनची ती क्रेडिटची बँक. तिच्यामुळे एका विद्यापीठातले क्रेडिट दुसरीकडे जमा करता येतात, कल्पना चांगलीच आहे, पण क्रेडिटसोबत त्याचं अक्षरही येणार ना, मग तिकडचा ९१ चा ओ आणि इकडचा ८० चा ओ एकाच सीजीपीएत, म्हणजे सगळ्या सत्रांच्या मिळून सरासरीत, मिसळणार आणि दोघेही १०.

या सगळ्याचा खरा फटका कुठे बसतो तर कार्ड घेऊन पोरगं बाहेर पडतं तेव्हा. ऑनलाइन फॉर्म असतो, त्यात टक्के भरायचे असतात. वरची ती ८.५ वाली मुलगी घ्या. कुणी म्हणतं सरळ दहाने गुण, झाले ८५. कुणी सीबीएसईचं ९.५ आणतं, झाले ८०.७५. हे ९.५ दहावीच्या पोरांसाठी, त्यांच्या बोर्डाच्या जुन्या निकालांवरून काढलेलं, त्याचा बीएस्सीशी काडीचा संबंध नाही, तरी कंपन्यांच्या फॉर्मात आजही तेच बसलंय. इंजिनिअरिंगवाले एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्याने जातात, पाऊण पॉइंट वजा करून दहाने गुणायचं, झाले ७७.५. आणि तिचे खरे टक्के किती होते? ६५. चार फॉर्म, चार उत्तरं, आणि "माहिती खोटी आढळल्यास उमेदवारी रद्द" खाली सही करायची तिनेच.

जर्मनीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. तिकडे बऱ्याच ठिकाणी मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला लावतात. त्यांच्याकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. सर्वात जास्त मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला सर्वात जास्त वजा पासिंगने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. आमच्या ८.५ वालीने सीजीपीए टाकला, कमाल १०, पासिंग ४, उत्तर आलं १.७५. झकास. तिनेच टक्के टाकले, ६५, कमाल १००, पासिंग ४०, उत्तर आलं २.७५. एकच मुलगी, तेच चार पेपर, अख्ख्या एका ग्रेडचा फरक. तिकडच्या पुष्कळ मास्टर्स कोर्सेसची अट २.५ ची असते, म्हणजे एका कागदाने आत, दुसऱ्या कागदाने बाहेर. आणि ती ७१.५ टक्केवाली, टक्क्यांनी २.४३ येऊन काठावर आत जाते आणि सीजीपीएने १.८८ येऊन पहिलीच्या मागे राहते. पोरं मला विचारतात सर काय टाकू. मी म्हणतो विद्यापीठाचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट काढ. मग ती पोरगी खिडकीवर जाते, चलन भरते, आणि व्हिसाची तारीख आणि सर्टिफिकेटची तारीख यांची शर्यत लागते. हे सर्टिफिकेट मुळात कार्डाच्या मागे छापलेलं का नसतं, हा माझा प्रश्न आहे.

हे काही मी चंद्रावरचं मागत नाहीये. अमेरिकेतल्या माउंट होल्योक कॉलेजने १८९७ मध्ये अक्षरं आणली तेव्हाच सांगून टाकलं होतं की ए म्हणजे ९५ ते १००, बी ८५ ते ९४, सी ७६ ते ८४, डी म्हणजे बरोबर ७५ आणि त्याच्या खाली ई, नापास. डार्टमथ कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर मुलाच्या ग्रेडशेजारी त्या वर्गाची मीडियन ग्रेड (सगळे क्रमाने लावले तर बरोबर मधल्याची) आणि वर्गात किती जण होते ते छापतात. कॅनडातलं मॅकगिल विद्यापीठ वर्गाची सरासरी ग्रेड छापतं. युरोपात आधी ईसीटीएसची, म्हणजे त्यांच्या देशोदेशी चालणाऱ्या क्रेडिट पद्धतीची, वाटणी होती, पास झालेल्यांपैकी पहिले १० टक्के ए, पुढचे २५ बी, मग ३०, २५, १०. ती त्यांना जड गेली, देशोदेशीच्या सवयी त्यात बसेनात, म्हणून २००९ ला त्यांनी ती सोडली आणि त्याऐवजी साधं सांगितलं की तुमची ग्रेड तुम्ही कशीही द्या, फक्त कुठली ग्रेड किती टक्के लोकांना मिळते त्याचा तक्ता सोबत जोडा. मी अगदी हेच मागतोय.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तरने सोयीचं तेवढंच आणलं. कॉर्नेल विद्यापीठाने विषयांच्या मीडियन ग्रेड वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली तेव्हा पोरांनी ती यादी बघून सोपे विषय उचलायला सुरुवात केली, तसा अभ्यासही झाला, आणि २०११ मध्ये त्यांनी यादी टाकणं थांबवलं. आणि प्रिन्स्टनने २००४ मध्ये ए ग्रेड साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच ठेवायचं धोरण आणलं होतं, पोरं वैतागली, एकमेकांना नोट्स देईनात अशी ओरड झाली, २०१४ ला मागे घेतलं. म्हणून मी कोटा लावा असं म्हणत नाहीये, आणि विषय निवडायच्या आधी यादी लावा असंही नाही. निकाल लागल्यावर, ज्याचा त्याच्या कार्डावर, त्या पेपरचा आकडा. आपल्याकडे तसंही पेपर निवडायला फारसा वाव असतो कुठे, टाइमटेबलात जे बसतं तेच घ्यायचं.

तर काय छापायचं. प्रत्येक पेपरसमोर अक्षर आणि पॉइंट आहेतच, त्याच्या शेजारी इंटर्नल आणि लेखीचे मार्क वेगवेगळे आणि ठळक, आणि त्या पेपरला पास झालेल्यांपैकी किती टक्क्यांना ती किंवा त्याहून वरची ग्रेड मिळाली एवढा एक आकडा. मागच्या बाजूला त्या वर्षी लागू असलेला ग्रेडचा तक्ता, पद्धत अ‍ॅब्सोल्यूट की रिलेटिव्ह, आणि विद्यापीठाला मान्य असलेलं टक्क्यांचं एकच सूत्र, सही-शिक्क्यासकट, म्हणजे पोरांना खिडकीवर यायला नको. स्वायत्त कॉलेज असेल तर पेपर कुणी काढला आणि कुणी तपासला हेही एका ओळीत. मूठभर पोरं असलेल्या वर्गात टक्का देऊ नका, नुसती संख्या द्या, नाहीतर कुणाला काय पडलं ते उघड होईल.

यातला एकही आकडा नव्याने गोळा करायचा नाहीये. सगळा डेटा तुमच्या सर्व्हरवर पडून आहे, निकाल लावताना कुठल्या पेपरला किती ओ आणि किती एफ हे तुम्ही काढताच. खर्च आहे तो कार्डाचा नमुना बदलायचा आणि सॉफ्टवेअरवाल्या एजन्सीला एक बदल सांगायचा. हां, ती एजन्सी त्याचे किती लावेल हे मात्र मी सांगू शकत नाही, तिथे आमचं स्टॅटिस्टिक्स थांबतं.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतोय, की असं छापलं तर ज्या कॉलेजात इंटर्नल सढळ हाताने देतात त्यांची पोरं उघडी पडतील. पडतील, त्यात पोरांचा दोष नाही हेही खरं, आणि पहिली दोन वर्षं माझ्याही वर्गाला त्रास होईल कारण ३६ मीही देतोच. पण सगळ्यांचे आकडे एकदम बाहेर आले तर ३६ आणि ३८ ची चढाओढ करण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही, आणि मला निवांतपणे ज्याला २८ द्यायचे त्याला २८ देता येतील. दुसरा आक्षेप असा की ग्रेडिंग आणलंच मुळी मार्कांची जीवघेणी स्पर्धा कमी करायला, तुम्ही परत मार्क आणताय. तर स्पर्धा कमी झालीय का, ते ६९ वाल्या कुठल्याही पोराला विचारा, तो रिव्हॅलचा फॉर्म भरत बसलेला असेल.

विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि निदान हिवाळी सत्राच्या निकालापासून कार्डाची मागची बाजू तरी भरावी. पुढच्या बाजूचा बदल उन्हाळी सत्रापासून केलात तरी चालेल. नमुना कार्ड कसं दिसेल ते मी एका ए-फोर पानावर काढून ठेवलंय, मंडळाच्या अभ्यास गटाला हवं असेल तर घेऊन यायला तयार आहे, टीए-डीए नको.

आपला,
स्टॅटिस्टिक्सचा एक मास्तर

ता. क. : टक्क्यांचं सूत्र ठरवताना मेहेरबानी करून ९.५ उचलून ठेवू नका. आपल्या वाटणीत ए म्हणजे ६० ते ७० आणि पॉइंट ८, त्याला ९.५ ने गुणलं की ७६ येतात, जे त्या अक्षराच्या मार्कांत बसतच नाहीत. सूत्र आपल्याच तक्त्यावरून, आपल्याच निकालांवरून काढावं लागेल. साधं रिग्रेशन आहे, म्हणजे पॉइंट आणि मार्क यांच्यात नीट बसणारी रेघ शोधायची, टीवायची पोरंसुद्धा काढून देतील.